तुझं नाव वर, माझं खाली

आई, हे मी काही चांगल्या मनानं लिहीत नाहीये. मी तुझ्यावर जळते. गेलेल्या माणसावर कुणी जळतं का, असं तू म्हणशील. तुझं काय जातंय म्हणायला.

तू गेल्यावर खानावळ बंद पडली आणि ती चालायची त्या पडवीत मी बरीच वर्षं नुसती लाकडं रचून ठेवली होती. आता पडवी पाडून वर भाड्याच्या खोल्या काढल्यात आणि खाली माझं स्वयंपाकघर आहे. डबे आसपास हिंजवडीला जातात, जांब्याला जातात, चांद्यालाही. पण आपल्या मारुंजीत आता पाटी वाचून कुणी आत येत नाही. पोरंपोरी मोबाइलवर 'जवळची मेस' असं टाकतात आणि जे वर दिसेल तिथं फोन लावतात. म्हणून वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या बाईंकडून मी वेबसाइट करून घेतली. छोट्या दुकानदारांच्या साइटी सांभाळायच्या, त्यांच्या जाहिराती लावायच्या, हेच त्यांचं काम. मी हौसेनं 'सुग्रास, सात्त्विक भोजन' असं लिहून दिलं होतं, ते त्यांनी पहिल्यांदा खोडलं. म्हणाल्या, "ताई, भूक लागलेला माणूस सात्त्विक शोधत नाही, डबा शोधतो. लोक जे टाइप करतात तेच शब्द आपल्या पानावर पाहिजेत."

तेव्हापासून रोज सकाळी कणीक भिजवायच्या आधी मी साइटवर आजची भाजी बदलते. सणाला बंद असेल तर आदल्या दिवशी तसं टाकते. कुणी तक्रार लिहिली तर तोंड वाकडं न करता उत्तर देते, आणि माझा स्वभाव तुला माहीत आहे. एवढं सगळं करून दुपारी डबे गेले की मोबाइल घेऊन बघते, शोधल्यावर आपण कितवे येतो. आणि दर वेळी पहिली तूच.

तुला कल्पना नसेल, पण आपल्याकडे जेवायला येणाऱ्या एका कंपनीतल्या पोरानं तू असतानाच मोबाइलच्या नकाशावर तुझ्या नावानं खानावळ टाकली होती. वर तुझा फोटो. डोक्यावर पदर, हातात भाकरी, कपाळाला आठी. फोटो अजून तिथंच आहे आणि खाली त्या वेळच्या लोकांनी लिहिलेलं आहे. "मावशी जबरदस्तीनं तिसरी भाकरी वाढतात." "इथं जेवलं की घर आठवतं." एकानं लिहिलंय, ताप आला तेव्हा मावशींनी मऊ भात करून खोलीवर पाठवला, अगदी आईची माया. माझ्या पानावर काय लिहितात माहितेय? "डबा वेळेवर येतो." "गाडी लावायला जागा नाही."

ही माया करणारी बाई कोण, हे मला कळत नाही. मला आठवते ती निराळीच. त्याच पोरांच्या पंगतीसमोर तू माझी आमटी चाखतेस आणि पळी ठेवून म्हणतेस, "ही आमटी हाय का भांडी धुतल्यालं पानी? व्हय गं?" पोरं हसतात. मी मान खाली घालून भाकऱ्या थापत राहते. मग तू त्यांच्याकडं वळतेस, आवाज एकदम निराळा, "थांब बाळा, तुला माझ्या हातचं देते." बाळा. मला तू जन्मात बाळा म्हणाली नाहीस. ए, ऊठ, हो बाजूला, एवढंच. ताप मलाही यायचा आणि मऊ भात मीच माझा शिजवून घ्यायचे. नाही म्हणायला एकदा न सांगता चपला आणल्या होत्यास. काही न बोलता चुलीपाशी ठेवल्यास आणि मापाला अगदी बरोबर बसल्या. त्याबद्दल कुणी कुठं लिहिलेलं नाही.

वर्षभर मी त्या बाईंच्या मागं लागले होते. जाहिरातीला लागतील तेवढे पैसे घाला, पण तिला खाली आणा. "कुणाला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्या आईला. त्या म्हणाल्या, खानावळ कायमची बंद झाली असं कळवता येतं, ते पान आपोआप मागं पडेल. ते मला जमेना. मला तुला हरवायचं होतं, बंद नव्हतं करायचं. शेवटी तुझ्या नावावरच जाहिरात लावली, म्हणजे जो तुला शोधेल त्याला आधी मी दिसेन.

परवा बाई खाली आल्या. "ताई, ती जाहिरात काढू या. ते नाव कुणी शोधतच नाही." मी भांडायलाच उठले. हे बघा म्हटलं, आणि 'मारुंजीत घरगुती जेवण' टाकून माझा मोबाइल त्यांच्यासमोर धरला. तू पहिली. त्यांनी आपल्या मोबाइलवर तेच शब्द टाकले, तर तिथं पहिली मी. तू पार खाली होतीस, सरकवत सरकवत गेल्यावर सापडलीस. मग त्यांनी हळूच विचारलं, "तुम्ही आईंचं पान रोज उघडता का?" मी मोबाइल पालथा ठेवला. "आपण जे सारखं उघडतो, तेच मोबाइल आपल्याला आधी दाखवतो. म्हणून आपला नंबर आपल्याच मोबाइलवर बघायचा नसतो. मीच आधी सांगायला हवं होतं. लोकांना तर तुम्हीच दिसताय, केव्हापासून."

मी जिंकले होते म्हणजे. बाई वर गेल्या आणि मी पिठाच्या हातानं तशीच उभी. ती पोरं कुठल्या कुठं गेली असतील, त्यांना बायका असतील, मुलं असतील. वर्षभर तुझ्या दारात येणारं गिऱ्हाईक एकच होतं, मीच, आणि त्या गिऱ्हाइकापायी तुझ्यावर जळत होते. इतकं वाईट मला तू गेलीस तेव्हाही वाटलं नव्हतं.

मोबाइलमधलं मागचं शोधलेलं सगळं पुसून टाका, मग तुम्हालाही खरं काय ते दिसेल, असं त्या सांगून गेल्या. कसं पुसायचं तेही दाखवलं. मी हो म्हटलं आणि पुसलं नाही.

हे सगळं मी तुझ्याच पानाखाली लिहायला घेतलं होतं, लोक अभिप्राय लिहितात त्या चौकटीत. पाठवण्याआधी तिथं विचारतात, किती तारे देणार. ते काही मला ठरवता आलं नाही, म्हणून पाठवलं नाही.