डावीकडे ओढणारी गाडी

५ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अखेर गाडी घेतली. तू तुझी जुनी गाडी ज्या दुकानात दिलीस, त्यांच्याच इथल्या शाखेतून. माणसं गोड आहेत म्हणालास, ते खरं. मालक दोन्हीकडे येऊन-जाऊन असतो. तुझं नाव मात्र मी सांगितलं नाही. ओळख काढून सवलत मागणं आपल्या घरात कुणाला जमलंय?

गाडी निळी आहे, एकाच हातची आणि कुठे खरचटलेलीसुद्धा नाही, असं मालकाने छातीवर हात ठेवून सांगितलं. आता पेशंटच्या घरी ड्रेसिंगला जाताना दोन-दोन बस बदलायला नकोत. एक खोड आहे. ब्रेक लावला की गाडी डावीकडे ओढते. मालक म्हणतो, सवय होईल. चालकाच्या बाजूची काच तळव्याने दाबल्याशिवाय उतरत नाही, आणि मागच्या सीटवर कुणीतरी हिरव्या दोऱ्याने ठिगळ लावलंय. कागद यायचेत.

गुडघा कसा आहे? वहिनी सांगत होत्या, परवा पोस्टमनलाही त्याची कथा ऐकवलीस. गरीब बिचारा पोस्टमन.

तुझी लाडकी,
बारकी

११ मार्च

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मोठ्याने वाचत होतो. हिरव्या दोऱ्याशी आलो तशी तुझ्या वहिनीने हातातली भाजी खाली ठेवली. ते ठिगळ तिचं आहे. छत्रीची तार लागून सीट फाटली तेव्हा तिच्या पिशवीत तेवढाच दोरा होता. काचेची खोडही आपलीच. बारके, रंग तेवढा बदललाय, आणि तू तीत कधी बसली नाहीस, म्हणून ओळखली नाहीस. तू माझीच गाडी विकत घेतलीस.

ती चालवू नकोस. ट्रकची धडक बसली तेव्हा तिचा खालचा सांगाडा वाकला होता, म्हणून तर मी ती काढली. हे मी मालकाला समोर बसवून सांगितलं होतं. ट्रक, वळण, गुडघा, सगळं. चहा गार झाला तरी तो माना डोलवत होता. गाडी मोडीत काढू म्हणाला, भावही मोडीचाच दिला. आणि अशा माणसाकडे मी माझ्या बहिणीला पाठवलं. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

दुसऱ्या कुणा मेकॅनिककडून गाडी तपासून घे, त्याच्याकडून तसं लिहून घे. दुकानाला लेखी कळव. ‘समाधानी आहे’ अशा कशावरही सही करू नकोस. भिडेखातर तर मुळीच नको. तुझा तोच आजार आहे.

तुझा,
दादा

२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मेकॅनिकने गाडी वर उचलून दाखवली. नव्या रंगाखाली सांगाड्याला जोड दिलेत. जोरात ब्रेक लावला तर गाडी हातात राहणार नाही, असं त्याने लिहूनही दिलं. तुझं पत्र यायच्या आदल्याच दिवशी याच गाडीतून एका आजोबांना टाके काढायला नेलं होतं.

कागद आले, त्यांवर आधीचा मालक म्हणून तुझं नाव आहे. माझं आडनाव वेगळं, त्यामुळे आपण भाऊ-बहीण असल्याचा दुकानाच्या मालकाला पत्ता नाही. तो म्हणतो, आधीच्या मालकाने अपघात लपवला, आम्हीच फसलो, मोठा बेरकी म्हातारा होता. मी ओठ चावून हसू दाबलं. वर थोडे पैसे परत देतो, विषय मिटवू, असंही म्हणाला. वॉर्डातल्या मैत्रिणी म्हणाल्या, घे आणि मोकळी हो. पण मग ही गाडी तो पुढच्या कुणाच्या तरी गळ्यात मारणार.

ग्राहक मंचात तक्रार दिली आहे. तू तिथे बोललास की अपघात लपवलेला नव्हता, एवढंच हवंय. सुनावणीला येशील ना? काठी आण, जिने आहेत.

तुझी,
बारकी

२९ एप्रिल

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

दादा आठवडाभर माझ्याकडे राहून मग तिकडे पोचेल आणि तिखटमीठ लावून सांगेल, म्हणून खरं काय झालं ते आधीच कळवते.

मालकाने मंचापुढे तेच सांगितलं. आधीचा मालक लबाड, अपघाताबद्दल चकार शब्द बोलला नाही, कळलं असतं तर गाडी दारातही उभी केली नसती. दादा तोवर जिन्यातच होता. धापा टाकत, काठी टेकत तो आत आला, आणि मालक सवयीने उठला. गिऱ्हाइकाला खुर्ची देण्यात त्या माणसाचा हात कुणी धरणार नाही. आपली खुर्ची पुढे केली आणि आपुलकीने विचारलं, “काका, ट्रकने दुखावलेला गुडघा अजून त्रास देतो का?”

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं आणि हे काका कोण, असं मालकाला अगदी शांतपणे विचारलं. त्याला खाली बसायला खुर्चीही उरली नव्हती.

गाडी परत घ्यायची आणि माझे सगळे पैसे द्यायचे, असा निकाल लागला. ती गाडी पुन्हा विकायची नाही, हेही बाईंनी लिहून घेतलं. मग दादाने त्यांना गुडघ्याची कथा पहिल्यापासून सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकली.

मी पुन्हा बसने जाते आहे. पुढची गाडी घेताना दादाला शेजारी बसवीन आणि त्याचं नाव मोठ्याने सांगीन. ठिगळाचा हिरवा दोरा मात्र उसवून ठेवून घेतलाय. तो तुमचा आहे.

गुडघ्याच्या कथेला आता मी कधी हसणार नाही. निदान तोंडावर तरी.

आजवर सांभाळून घेतलंत, तसंच यापुढेही घ्यावं.

तुमची,
बारकी