चादरींचं घर

मिरकरवाडा, रत्नागिरी
१९ जानेवारी २०२५

प्रिय अकबरभाई,

अस्सलाम अलैकुम. आम्ही सगळे खुशाल आहोत, तूही मस्कतला बरा असशील. मेसेज केला असता तर तू नुसता अंगठा दाखवून मोकळा झाला असतास, म्हणून मस्कतला परत निघालेल्या हमझाच्या हाती हे पत्र देतेय. सोबत सुका जवळाही आहे. इकराचे अब्बा बोटीवर असतात, आणि इकरा शाळेत बडबडीपायी रोज बोलणी खाते, अगदी माझीच लेक. तुझ्या खोलीचं पुढे लिहिते.

आपल्या वस्तीत नवी घरं बांधायची आहेत, हे तुला ठाऊक आहेच. हर्णेच्या बायकांनी त्यांच्या घरांचे नकाशे स्वतः ठरवले आणि इंजिनिअरला ते मानावे लागले. म्हणून आमचा महिला गट त्यांच्याकडे शिकायला गेला. मी इकराला घेतलं, अम्माही आली. गाडीत भज्यांवर तिनेच जास्त ताव मारला.

तिथे किनाऱ्यावर त्यांनी बांबू रोवले, चादरी बांधल्या आणि खऱ्या मापाचं घर उभं केलं. आधी आहे तसं घर, मग हवं तसं. नमुन्याला आपलंच घर घेतलं. मी मोठ्या तोऱ्यात दाखवत होते, ही पुढची खोली, ही आतली अकबरभाईची. मग त्यांच्या गटातली दर्शना म्हणाली, आता घरात जो जिथे निजतो तिथे आडवं व्हा. त्यावरून त्या चादरी सरकवतात.

मी आणि इकरा पुढच्या खोलीत आडव्या झालो. अम्मा चादर वर करून बाहेर गेली आणि वाळूवर कुशीला निजली. बायका हसल्या, मीही हसले. दर्शनाने तिला आत बोलावलं.

"मी हितंच निजते गो," अम्मा म्हणाली. "पडवीत, जाळ्यांच्या बाजूला."

आतली खोली कुणाची, असं दर्शनाने मला विचारलं. भावाची, मी म्हटलं. तो मस्कतला असतो.

"मग आज तिथं कोण निजतं?"



भाई, मी हादरले. अम्मा पडवीत निजते हे मला माहीत नव्हतं का? रोज सकाळी तिला ओलांडून मी नळावर जाते. आत उकडतं म्हणायची, आणि आम्ही ते भर पावसाळ्यातही खरं मानलं. पण चादरीच्या आत मी आणि बाहेर वाळूत माझी आई, हे तिथे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. आत कोण होतं? तुझा पलंग, तुझं कपाट, प्लास्टिकसुद्धा न काढलेली गादी.

घरी येऊन मी तुझ्या खोलीच्या कुलपाची किल्ली मागितली. अम्माने दिली नाही, अकबरला काय वाटेल म्हणाली. शेवटी बोटीवरून आल्यावर इकराच्या अब्बांनी कुलूप कापलं. पहिल्या ओळीपासून हेच सांगायचं टाळतेय.

अम्मा आता आत निजते, पण पलंगाच्या अगदी कडेला, प्लास्टिक तसंच ठेवून. तिने मला एक ओळ लिहायला सांगितली आहे. "तू आलास की मी भायेर जाईन." ही ओळ मी लिहिणार नव्हते. पण हा धक्का मी एकटीने का सोसायचा?

पुढच्या महिन्यात हर्णेच्या बायका आमच्याकडे येतील. पुन्हा चादरी बांधल्या जातील, आणि या वेळी ठरेल ते घर खरंच बांधायचं आहे. तेव्हा अम्मा कुठे आडवी होईल, ते तुझ्या एका फोनवर आहे. माझ्याशी बोलू नकोस, रागावला असशील. तिच्याशी बोल. तिला गादीचं प्लास्टिक काढायला सांग.

अम्माच्या खोलीत बसून लिहिणारी,
तुझी बहीण
इफ्फत