दारातलं वाक्य

प्रिय भुंग्या,

फोनवर तू ‘बघतो’ म्हणतोस आणि मला पुढचं काही सुचत नाही, म्हणून लिहिते आहे. खालचा इस्त्रीवाला या पानांचे फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवणार आहे. अक्षर लागलं नाही तर मोठं करून बघ. बाबा परवापासून जेवत नाहीत. दुधाचे दोन-चार चमचे मी बळेच घालते, तेही ओठ ओले होण्यापुरते. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर दवाखान्यात नेऊन नाकातून नळी घालावी लागेल. मागच्या वेळी त्यांनी ती उपसून काढली होती आणि नर्सनी त्यांचा चांगला हात पट्टीने खाटेला बांधून ठेवला होता. तू तेव्हा नव्हतास, मी होते. ते पुन्हा बघायची माझी ताकद नाही.

पहिल्यापासून सांगते, मध्ये घड्याळ बघू नकोस. बाबांचा संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग आठवतो ना? बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने लावलेली बाकं, त्यांवर ड्रायव्हर, सुतार, दवाखान्यातली आया, पहारेकरी, सगळी दिवसभर राबून आलेली मोठी माणसं, आणि टेबलाखाली तू, त्यांच्यामागून प्रत्येक वाक्य गुणगुणत. त्यावरूनच तुझं नाव भुंग्या पडलं. वर्ग सुटला की बाबा दारात हात आडवा धरून उभे राहायचे. प्रत्येकाने जाताना स्वतःचं एक इंग्रजी वाक्य सांगायचं, मगच हात वर जायचा. वाक्य नवं पाहिजे आणि खरं पाहिजे. मोडकंतोडकं चालायचं, खोटं चालायचं नाही. खोटं बोलला तर तेच वाक्य खरं करून सांगितल्याशिवाय सुटका नाही. ‘आय हॅव अ बिग हाउस’ म्हणणाऱ्या पहारेकऱ्याला त्यांनी परत बाकावर बसवलं होतं. शेवटी तो ‘माय हाउस हॅज नो विंडो’ म्हणाला आणि सुटला. मी चहाचे कप गोळा करताना हे ऐकायची आणि मनात म्हणायची, काय हा छळवाद, दमलेल्या माणसांना जाऊ द्या की घरी. मला त्यांनी कधी शिकवलं नाही आणि मीही कधी शिकवा म्हटलं नाही.

अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांची वाचा गेली, मराठी काय नि इंग्रजी काय. घरी आणलं त्या दिवशी मी दुधात पाव कुस्करून चमचा पुढे केला, तर डावा हात छातीवर आडवा. वाटलं, भूक नसेल. दुसऱ्या वेळेला तेच, तिसऱ्या वेळेला तेच. मी रडले, ओरडले, तुझी शपथ घातली. मग इस्त्रीवाला कपडे द्यायला वर आला. तो त्यांचा जुना विद्यार्थी, त्याने बघितल्याबरोबर ओळखलं. म्हणाला, काकू, सर वाक्य मागतायत. त्याने मला ‘द मिल्क इज हॉट’ घोकून दिलं. मी म्हटलं, तर हात हलेना. बोट घालून पाहिलं तर दूध पार निवलेलं. गरम करून आणलं, पुन्हा म्हटलं, तेव्हा कुठे हात उठला आणि तोंड उघडलं. हसावं की रडावं तेच मला कळेना.

तेव्हापासून आमचा वर्ग भरतो आहे. दर जेवणाला एक नवं वाक्य. त्यांच्या वर्गातले तक्ते मी पलंगासमोरच्या भिंतीवर लावले, इस्त्रीवाल्याकडून वाक्य शिकून घेते आणि भांडी घासताना पुटपुटते. द विंडो इज ओपन. माय नी हर्ट्स. ‘द डॉक्टर इज लेट’ म्हटल्यावर तर ते अर्ध्या तोंडाने हसले. एकदा धीर करून ‘यू आर माय हसबंड’ म्हटलं आणि या वयात मी लाजले. ‘आय ॲम टायर्ड’ म्हटलं त्या दुपारी हात उठला, पण आधी माझ्या डोक्यावर आला आणि बराच वेळ तिथेच राहिला. भुंग्या, एवढ्या संसारात मी त्यांच्याशी इतकं खरं कधी बोलले नव्हते. मराठीत आम्ही भाजी काय आणायची, नळाला पाणी आलं का आणि तुझा फोन आला का, एवढंच बोलायचो.

तू निघालास तो दिवस मला सारखा आठवतो. खाली टॅक्सी हॉर्न वाजवत होती आणि बाबांनी दारात हात आडवा धरला होता. तू आधी चिडलास, मग हसलास आणि म्हणालास, ‘आय विल कम बॅक सून.’ हे खरं की खोटं, त्याच वेळी कसं कळणार? ते जरा घुटमळले, पण हात वर केला. नुसत्या भरवशावर सोडलेला त्यांच्या वर्गातला तू एकटाच. त्यानंतर सुट्टी मिळत नाही, पुढच्या महिन्यात नक्की, आत्ता काम फार आहे, बघतो. तुझ्याही अडचणी असतील. मला राग नाही असं मात्र म्हणणार नाही. राग आहे.

माझी विद्या ती केवढी! तेरवा संध्याकाळी डोक्यात एकही नवं वाक्य उरलं नव्हतं. इस्त्रीवाला गावाला गेलेला. वाटी माझ्या हातात, त्यांचा हात छातीवर, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘माय सन इज कमिंग टुमॉरो.’ हात असा झर्रकन उठला की वाटी सांडता सांडता राहिली. सगळं खाल्लं, वर आणखी मागितलं. सकाळी खुणेने दाढी करून घेतली, वर्गात घालायचे तो पांढरा शर्ट घालायला लावला आणि दिवसभर दाराकडे तोंड करून बसले. जिन्यावर पाऊल वाजलं की मान वर. दिवे लागले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला लिहिता येणार नाही. हात छातीवर आला तो अजून तिथेच आहे. मी खरी वाक्यं म्हणून पाहिली, ‘आय ॲम सॉरी’ म्हणून पाहिलं. हात हलत नाही. त्यांचं बरोबरच आहे, मला आता तेच वाक्य दुरुस्त करून द्यायला हवं.

त्यासाठी हे पत्र. ये, असं म्हणत नाही, ते फोनवर पुष्कळ म्हणून झालं. इस्त्रीवाला आज परत आला आणि त्याने मला दोन वाक्यं पक्की करून दिली. ‘माय सन इज कमिंग’ आणि ‘माय सन इज नॉट कमिंग.’ दोन्ही मला न अडखळता येतात. दुसऱ्यानेही त्यांचा हात उठेल. डोळ्यांत पाणी येईल, पण उठेल, खरं बोलणाऱ्याला त्यांनी आजवर कधी अडवलेलं नाही. ‘बघतो’ला इंग्रजीत काय म्हणतात ते आमच्या वर्गात शिकवलेलं नाही, तेव्हा ते नको. मी दूध गरम करायला ठेवते आहे. दोन्हीतलं खरं कुठलं, तेवढं कळव.

तुझीच,
आई