तसबिरीचा हार

आश्विन वद्य ६
अण्णाची तसबीर हवी म्हणे! नाट्यमंडळाचे चिटणीस गोरक्षनाथ मास्तर ओसरीवर बसून मागत होते. अण्णाने, माझ्या भावाने, मराठीत आणलेल्या त्या आयरिश नाटकाला पंचवीस वर्षं झाली, म्हणून पाडव्याला पुन्हा प्रयोग. अध्यक्ष — आमचे हे. पहिल्या खेळाला ज्यांनी रंगमंचावर शेण फेकलं, तेच! मास्तरांना रेशनच्या साखरेचा चहा दिला. जिवावर आलं.

आश्विन वद्य ७
काय होतं असं त्या नाटकात? परगावचा एक लबाड येतो, थापा मारतो, नि सारं गाव त्याला डोक्यावर घेतं. तिकडे आयर्लंडातही पहिल्या खेळाला दंगा झाला, असं अण्णा सांगायचा. त्याने ते गाव आमच्या सीना नदीकाठी आणून बसवलं. त्यातली पोरगी आपल्या तोंडाने म्हणते, मला हाच हवा. झालं! आपल्याच लेकीबाळींची अब्रू काढली म्हणून नगर पेटलं.

हे घरी आले, आडावर डोक्यावरून पाणी घेतलं, सुतकाचं घेतात तसं. म्हणाले, "तुझा भाऊ आजपासून मेला." लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. मला मॅट्रिकला बसवलं ते अण्णानेच. तेव्हापासून त्याला हा उंबरा बंद. भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळते — भाऊ नसलेल्या बाईसारखी.

आश्विन वद्य १०
हस्तपत्रिका आल्या. 'कैलासवासी रंगनाथ'! सगळ्यांनी खरंच मेला धरला आहे.

छबूबाई केडगावहून दूध घालते. तिचा जावई कोपरगावला कारखान्यावर उसाच्या गाड्या हाकतो. अण्णा तिथेच वजनकाट्यावर कारकून. खुशाली कळते ती त्या वाटेने. पत्रिका वाचून दाखवली, तर म्हणाली, "अक्का, जित्या मानसाला हार घालत्यात व्हय?" माप भरताना हसू दाबत होती. मला हसू आलं नाही.

आश्विन वद्य ११
जेवताना यांच्याजवळ विषय काढला. म्हणाले, मंडळाने आपणहून छापलं, मी कुठे सांगितलं? मी म्हटलं, मग आता सांगा, तो जिवंत आहे. यांनी ताक ओतून भात कालवला. मग म्हणाले, "लोक 'मेहुणा गेला का' विचारत गेले, मी मान हलवत गेलो. आता निवडणुकीच्या तोंडावर खोटा ठरू?"

रोज सोवळ्याने पूजा करतात. जिभेला कुठलं सोवळं नेसवणार?

धनत्रयोदशी
तसबीर मी दिली नाही. यांनीच देवघराच्या फडताळातून काढून नेली. छबूबाईजवळ निरोप धाडला — अण्णाला कळव, पाडव्याला तुला हार घालणार आहेत.

अमावास्या, लक्ष्मीपूजन
निरोप पोचला.  'ऐकून घेतलं न् काट्यावर जाऊन बसलं,' एवढंच छबूबाईने सांगितलं.

कार्तिक शुद्ध १
सकाळी रीतीप्रमाणे यांना ओवाळलं. तबक जड वाटलं.

दुपारी खेळ. हार घालताना हे म्हणाले, "माझा जिवलग मेहुणा फार लवकर गेला." डोळे पुसले! टाळ्या पडल्या. आणि ज्या वाक्याला तेव्हा शेण पडलं, नेमकं तेच गाळलं होतं. मग कशाचा उत्सव करता?

बायकांच्या बाजूने मी पुन्हा पुन्हा माणसं न्याहाळली. अण्णा दिसला नाही. भित्रा! पांडुरंगा, सख्ख्या भावाला असं म्हणवलं माझ्याकडून.

तसबीर घरी आली ती उघडीच. झेंडूचा हार, जरीचा गोंडा — कुणी पळवला म्हणून हे मास्तरांवर उखडले.

कार्तिक शुद्ध २, भाऊबीज
सकाळीच कडी वाजली. दार यांनी उघडलं. पायरीवर अण्णा! केस सगळे पांढरे, गळ्यात कालचा हार, जरीच्या गोंड्यासकट. सडा घालणाऱ्या बायका हातातलं पाणी विसरल्या.

"अध्यक्षमहाराज, ओवाळून घ्यायला आलोय," अण्णा म्हणाला.

मी पाट मांडला. हे दारातून हलेनात. मी म्हटलं, "सरा."