आप्पांच्या तोंडी घातलेलं वाक्य

१७ जानेवारी, शनि.
निखिलचा फोन. इराने नववीपासून त्याच्याकडे न्यू जर्सीला शिकावं म्हणतो. आयसेलिनला घर घेतलंय, शाळा पायी दहा मिनिटं, वगैरे. पाच वर्षं सुट्ट्यांपुरता बाप होता, आता पूर्णवेळ व्हायचंय. मी म्हटलं, इरा ठरवेल. तो लगेच ‘ठीक’ म्हणाला. जरा जास्तच लगेच.
इथल्या शाळेचा पुढच्या वर्षीचा फॉर्म ६ फेब्रु.ला द्यायचाय. तोवर ठरवायचं.
इराला सांगितलं. “ओके, आय विल थिंक,” म्हणाली आणि सीरियल खात राहिली. तेरा वर्षांच्या पोरी एवढ्या शांत असतात?

१९ जाने., सोम.
आमच्या हाँगकाँगवाल्या सिनेमांच्या सिरीजचा नवा भाग येतोय! त्यातल्या म्हाताऱ्या आप्पांच्या तरुणपणची गोष्ट. म्हणजे प्रीक्वेल. प्लेनोच्या थिएटरात फक्त ह्या शनि-रवि. तिकिटं काढली. इरा चक्क ओरडली आनंदाने.
इथे टेक्सासात, अर्विंगला आलो तेव्हा ती आठ वर्षांची. शाळेत मैत्रीण नाही, घरी मी एकटी. तेव्हा ह्या कँटोनीज मारामाऱ्यांनी दोघींना तारलं. तिला सबटायटलची पट्टी नको असायची, पाय दिसत नाहीत म्हणायची, आणि ह्या लोकांची लढाई सगळी पायांत. मग मी आधी एकटीने बघायचे, डायलॉग वहीत मराठीत उतरवायचे आणि पट्टी बंद करून सोफ्यावरून म्हणायचे. म्हाताऱ्या गुरूचं नाव ठेवलं आप्पा. मूळ नाव आता मलाही आठवत नाही.
खरं सांगायचं तर ही तिकिटं म्हणजे लाच आहे. असू दे.

२४ जाने., शनि.
फुसका बार. तरुण आप्पा झालेला पोरगा देखणा आहे, बस. लढाईत दर सेकंदाला कट, कोणाचा पाय कोणाला लागला देव जाणे. आप्पा चहाआधी कप दोनदा का फिरवतात ते समजावायला वीस मिनिटं. कोणी विचारलं होतं? शेजारच्या सीटवरच्या आजी अर्ध्यातच घोरायला लागल्या.
पण इरा चिडली ती वेगळ्याच गोष्टीवर. सिनेमात तरुण आप्पा बायको-मुलाला धक्क्यावर सोडून बोटीत बसतात. स्वतःहून. कोणी ढकललेलं नाही.
गाडीत रडायलाच आली. “दे रुइन्ड हिम, आई! आप्पा असं करूच शकत नाहीत. ही डिडन्ट लीव्ह, दे टुक हिम!”
“हो गं, वाट लावली,” म्हटलं. नजर रस्त्यावर.
सिनेमा वाईटच आहे. पण एवढं एक त्यांनी बरोबर दाखवलंय. सिरीजच्या दुसऱ्या भागात आप्पा स्वतः सांगतात, मी त्यांना सोडून गेलो. माझ्या वहीत मात्र ‘मला पकडून नेलं’. ते मी घुसडलं होतं. तेव्हा इथे येऊन दीड महिना झाला होता आणि इरा रोज विचारायची, बाबा कधी येणार.

२६ जाने., सोम.
खाजवून खरूज म्हणतात ती ही. इराने इंग्लिशच्या असाइनमेंटला विषय घेतलाय – प्रीक्वेलने आप्पांशी गद्दारी कशी केली. टीचरला पुरावे हवेत, म्हणजे दुसऱ्या भागातली वाक्यं हवीत. उद्या बघते म्हणाली.
“बघायचं कशाला? मला पाठ आहे सगळं, मी सांगते.”
“कोट्स एक्झॅक्ट पाहिजेत, आई.”
ती आंघोळीला गेल्यावर मी सिनेमाचं सबस्क्रिप्शन कॅन्सल केलं. त्रेचाळीस वर्षांची बाई. दिवसभर ऑफिसात लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते आणि घरी येऊन स्वतःची अशी लपवते. लाज वाटली. पण परत सुरू नाही केलं.

२९ जाने., गुरु.
कळलं तिला. मैत्रिणीच्या घरी जाऊन बघितला, पट्टीसकट.
दार उघडून बूट न काढताच उभी. “आप्पा सेज, ‘आय लेफ्ट देम.’ तू चेंज केलंस.”
“लहान होतीस गं. वाईट वाटलं असतं तुला.”
“तीन वेळा बघितलं मी, आई. मला वाटलं सबटायटल राँग आहे.”
वहीवर विश्वास होता पोरीचा, पडद्यावर नव्हता.
मग एकदम हळू आवाजात – “व्हॉट एल्स डिड यू चेंज?”
“काही नाही. फक्त सिनेमातलं.”
हे उत्तर मी दिलं. विचार न करता, सराईतासारखं.

३१ जाने., शनि.
घरात ‘हो’, ‘नाही’, ‘जेवले’ एवढंच. असाइनमेंट दिली तिने. काय लिहिलं विचारायची हिंमत नाही.
इथे तरी खरं लिहू. इराला माहीत आहे ते असं – बाबाच्या ऑफिसने त्याला सोडलं नाही, म्हणून आपण दोघीच टेक्सासला आलो, आणि मग लांब राहून राहून तुटलं. खरं ते असं – नि.ला इथल्याच, डॅलसच्या नोकरीची ऑफर होती. राजीनाम्याचा मेल लिहून ठेवला होता त्याने. मीच म्हटलं, येऊ नकोस. त्याने काही केलं नव्हतं. ना दारू, ना आरडाओरडा. मला त्याच्याबरोबर राहायचं नव्हतं, एवढंच. हे आठ वर्षांच्या मुलीला कसं सांगतात? मला अजूनही माहीत नाही.
आणि आता सांगितलं तर ती जाईल. उघड आहे. न सांगता राहिली तर –

२ फेब्रु., सोम.
लंच ब्रेकमध्ये पार्किंग लॉटमधून नि.ला फोन. तू इराला कधी काही बोललास का, विचारलं.
“कशाबद्दल?”
“ऑफरबद्दल.”
पलीकडे दार लावल्याचा आवाज. मग, “नाही. वाक्य तुझं होतं. खोडायचं तर तूच खोड.”
“पाच वर्षं तुला राग नाही आला?”
“आला ना. पण तिला माझ्याकडे यावंसं वाटावं, तुझ्यापासून पळावंसं नाही.”
हा माणूस एवढा चांगला नसता तर किती सोपं गेलं असतं मला. रडले. मग तोंड धुऊन मीटिंगला गेले.

४ फेब्रु., बुध.
सांगितलं. देशी ग्रोसरीच्या दुकानाबाहेर, गाडीत. मागे मेथीच्या जुड्या, फ्रोजन पराठे. घरी गेल्यावर सांगू म्हटलं असतं तर सांगितलंच नसतं.
सुरुवात केली, “हे बघ इरा, त्या वेळी परिस्थिती अशी होती की बाबाचं आणि माझं –”
“आई. इंग्लिशमध्ये सांग.”
इंग्लिशमध्ये माझ्याकडे परिस्थितीबिरिस्थिती नाही. एकच वाक्य आलं. “आय टोल्ड हिम नॉट टू कम.”
“डिड ही वाँट टू?”
“येस.”
तिने सीटचा पट्टा काढला. वाटलं, उतरते आता. उतरली नाही. पट्टा हातात धरून बसून राहिली. शेजारच्या गाडीत एक कुटुंब सामान भरून निघूनही गेलं.
“मी रोज विचारायचे तुला,” म्हणाली.
“हो.”
“रोज, आई.”
सॉरी म्हटलं. फार छोटा शब्द आहे तो. घरी आलो तोवर पराठे मऊ पडले होते.

६ फेब्रु., शुक्र.
सकाळी फॉर्म माझ्यासमोर ठेवला. पुढच्या वर्षी इथेच शिकणार की नाही, ती चौकट वरच्या भागात आहे. कागद मधोमध दुमडलेला, वर तिचा हात. खाली पालकाच्या सहीची जागा तेवढी उघडी.
“साइन कर.”
“बघू नको का?”
“नको.”
सही केली. तिने कागद बॅगेत टाकला, जॅकेट चढवलं, दाराशी थांबली.
“तू विचारलंस तर मी खरं सांगेन,” म्हणाली.
तोंड उघडलं मी. तेवढ्यात स्कूल बस कोपऱ्यावर दिसली आणि ती धावत गेली. दहा सेकंद होते माझ्याकडे. एवढासा प्रश्न, दोन सेकंदांचा.
आज घरूनच काम आहे, पण एक ओळ केली नाही. साडेतीन झाले. बस चारला येते. दार आत्ताच उघडून ठेवलंय.