दोन काचांमधली पोकळी

मंगळवार, संध्याकाळी साडेसात

चार महिने माझा फोन न उचलणाऱ्या रेवाच्याच खोलीला आज आवाजबंद खिडकी बसवून आलो. नारायण पेठेतला पत्ता पाहूनही गेलो, गाढव मी!

"दोन काचांमधली हवा काढलेली असते. आवाजाला हवा लागते, प्रकाशाला नाही," मी तिच्या वडिलांना समजावलं. कॉलेज अर्धवट सोडल्याचं बोलता बोलता त्यांना सांगून बसलो होतो.

"एवढं कळत होतं, तर कॉलेज का सोडलंत?"

डोकंच फिरलं. तपासतो म्हणून गॅलरीत गेलो, खिडकी लावली आणि ओरडलो, "रेवा, एकदा तरी बोल!" आत वडील डोळे मिटून कान देत होते. त्यांच्यामागे उभी राहून रेवा बघत होती. माझे ओठ तिला दिसले असतील? दिसलेच. तिने सावकाश पडदा ओढला.

वडील बाहेर येऊन म्हणाले, "काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. चोख काम हो तुमचं!"