शोभेचे अळू

शहाड, १० जुलै २०२५

चि. तुळसाबायला गणूदादाचा आशीर्वाद. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. फोन केला असता, पण तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडलो की माझी भाजी सगळ्या इमारतीला कळते. सध्या ती कळता कामा नये.

आपल्या भाताच्या शेतावर ही इमारत उभी राहिली आणि बिल्डरने मला तळमजल्याचे घर दिले. खिडकीखाली खाटेएवढी माती उरली. आपल्या सगळ्या जमिनीतली तेवढीच. तिथे मी तू दिलेले अळूचे कंद लावले. आता सोसायटीने पाटी लावली आहे, की मोकळ्या जागेत फक्त शोभेची झाडे लावावीत. खायचे काही दिसले तर माती काढून पेव्हर ब्लॉक बसवणार.

सेक्रेटरी कल्पिता मॅडमनी काल पाने बघून विचारले, काका, हे काय लावलंत. मी म्हटले, शोभेचे आहे. खोटे तरी कसे म्हणू, पाने शोभतातच की. त्या म्हणाल्या, छान, वीस तारखेला कमिटी बघायला येईल. तेव्हापासून मला जेवण जात नाही. सून जया विचारते, मग तीन भाकऱ्या गेल्या कुठे. तिला काळजी म्हणजे काय ते कळत नाही. काय करू ते लिही.

तुझा घाबरलेला
गणूदादा


टेंभी नाका, ठाणे, १४ जुलै

ती. दादास तुळसाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसले, मग शेजारणीला वाचून दाखवले, तीही हसली. गुरुजींना घाबरून तू पाचवीत शाळा सोडलीस, अजून तसाच आहेस. अख्खे शेत विकून गाढ झोपलास आणि खाटेएवढ्या मातीसाठी झोप उडाली.

आता ऐक. तुझ्या कमिटीला अळू वडीत भेटलेले असते, जमिनीत नाही. ते आले की त्यांच्यासमोर कच्च्या पानाचा तुकडा चाव. वडीचे अळूसुद्धा कच्चे खाल्ले की घसा खाजवते. तू खोकलास की ते समजतील, हे खायचे नव्हे. नाटक करू नकोस, तुला जमत नाही. गुळाचा खडा खिशात ठेव.

बेताने चाव, एवढेच मागणे.
तुझी तुळसा


शहाड, २१ जुलै

चि. तुळसाबायला आशीर्वाद आणि तुझ्या अकलेला दोन्ही हात जोडून नमस्कार.

नाटक करावेच लागले नाही. तळहाताएवढे पान चावले. घशात कुणी काथ्या घासतोय असे झाले, डोळ्यांतून धारा लागल्या, गूळ खिशात राहिला. खजिनदार सुधीरनी धावत पाणी आणले. शोभेचे आहे हे सगळ्यांना पटले.

ते तिथेच थांबले असते तर बरे झाले असते. संध्याकाळी दुसरी पाटी लागली: विषारी झाड, मुलांनी दूर राहावे. तीन ऑगस्टच्या सभेत ते उपटून पेव्हर ब्लॉक बसवायचा ठराव आहे. म्हणजे खायचे म्हटले तरी माती जाते आणि न खायचे म्हटले तरी जाते. घसा बसल्यामुळे मला जयावर ओरडता येत नाही, घरात सगळे खूश आहेत. बाय, एवढीही माती गेली तर मी सकाळी उठून कुठे बसू? तूच हे निस्तर.

तुझा बसक्या आवाजाचा
गणूदादा


टेंभी नाका, २५ जुलै

ती. दादास सा. न.

तळहाताएवढे खा असे मी लिहिले नव्हते. तरी घशाला कसे आहे ते कळव.

आता खरे बोल, पण त्यांच्या रिकाम्या पोटी बोलू नकोस. जयाला सांग, मोठी पाने काढून सभेसाठी वड्या कर. चिंचेत हात आखडू नये, नाहीतर सभा दवाखान्यात भरेल. वड्या गरम असतानाच ठराव येऊ दे. पहिली वडी तू खा. आणि बोलताना रडू नकोस, कुरकुरीतपणा जातो.

दादावर अजूनही माया असलेली
तुळसा


शहाड, ४ ऑगस्ट

चि. तुळसाबायला आशीर्वाद. घसा बरा आहे.

सभेत मी पहिली वडी खाल्ली. सगळे माझ्या गळ्याकडे बघत बसले. मी मेलो नाही. मग सुधीरनी एक उचलली, ती संपायच्या आत दुसरी. मॅडमनी हातातली वडी उलटसुलट करून विचारले, “काका, म्हणजे हे खायचं आहे?”

मी म्हटले, “खायचंच आहे. शेत विकल्यावर माझ्याकडे एवढीच माती राहिली, म्हणून खोटं बोललो.”

सगळ्यांची तोंडे वड्यांनी भरलेली होती. मग मॅडमनी ठराव वाचला आणि पेव्हर ब्लॉक हवे असतील त्यांना हात वर करायला सांगितले. हात तेलकट आणि हातात वड्या. एकही हात वर गेला नाही. ठराव पडला, माती राहिली.

पण आज सकाळी तिसरी पाटी लागली. अळू आता सोसायटीचे झाले म्हणे. नवी पाने गौरीच्या जेवणासाठी राखून ठेवायची, सभासदांनी ती तोडू नयेत. पाणी मी घालायचे आणि माझ्याच खिडकीतून नुसते बघायचे. मॅडमनी जाता जाता पाने मोजलीसुद्धा.

चष्मा लावून मी ती पाटी पुन्हा पुन्हा वाचली. सभासदांनी, असे लिहिले आहे. सभासदांच्या बहिणींनी, असे कुठेही लिहिलेले नाही. तेव्हा मोठी पिशवी घेऊन ये. मॅडम सकाळी कामाला जातात. कुठल्या दिवशी येतेस ते लगेच कळव, उशीर लावू नकोस, माझा जीव टांगणीला लागला आहे.

तुझा
गणूदादा